बारावी खेळाडू

बाई,

आगाऊपणा करते आहे, रागावू नका. विद्यार्थिनीने बाईंना आपणहून पत्र लिहावे, तेही काही मागण्यासाठी नव्हे, नुसते सांगण्यासाठी, अशी आपल्या शाळेत रीत नव्हती. शाळेत अर्ज असे, आणि अर्जात 'वरील विषयास अनुसरून' असे. शिवाय तुम्ही जाऊन इतकी वर्षे झाली आहेत की या पत्राला उत्तर येण्याची भीती नाही; मी ते लिहू धजते आहे त्याचे हेही एक कारण असावे. तुम्ही गेल्याची बातमी कळली तेव्हा मी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गातल्या मुली गाडी करून गावी आल्या. मी आले नाही. मला यायचे नव्हते.

मी आता कतारमध्ये, दोह्याला नोकरी करते. एका लहान विद्यापीठाच्या क्रीडा विभागात खेळाडूंच्या पात्रतेचे काम माझ्याकडे आहे. कोण नियमित विद्यार्थी आहे, कोणाचे गुण पुरेसे आहेत, कोणाचे नाव संघाच्या यादीत बसते आणि कोणाचे बसत नाही, हे मी पाहते आणि खाली सही करते. तुम्हाला हसू येईल. कवायतीच्या तासाला पोटात दुखते म्हणून वाचनालयात बसणारी मुलगी आता दुसऱ्यांना खेळाडू ठरवते. खेळही असा की आपल्याकडे त्याचे नाव कोणी ऐकलेले नसेल. लॅक्रोस म्हणतात. लांब काठीच्या टोकाला जाळीची खोलगट पिशवी असते. तिच्यात कडक रबरी चेंडू झेलायचा, तो सांभाळत धावायचे आणि तिच्यातूनच तो गोलात भिरकावायचा. आम्ही त्यातला सहा-सहा जणांचा प्रकार खेळतो. मैदानात सहा, यादीत मात्र बारा. सूर्य मावळल्याखेरीज येथे सराव होत नाही, आणि सप्टेंबरात तर मावळल्यावरही गवतातून भट्टीसारखी वाफ येत असते. मी कडेला पाण्याच्या खोक्यावर बसून हजेरी घेते. आजवर ती काठी मी एकदाही हातात धरलेली नाही.

संघ दोन आहेत, मुलांचा आणि मुलींचा. मुलांना पूर्णवेळ प्रशिक्षक आहे, त्याला सहायक आहे, आणि दोघांना लुसैलला विद्यापीठाने घर दिले आहे. मुलींची प्रशिक्षक कॅनडाहून आलेली, तासांच्या मोलावर काम करणारी बाई आहे. दिवसभर ती एका शाळेत पोहणे शिकवते आणि ओल्या केसांनीच सरावाला येते. तिचे मानधन, मुलींची शिरस्त्राणे, शेजारच्या देशांत सामन्यांना जाण्याचा खर्च, हे सारे, आमचे विद्यापीठ ज्याची शाखा आहे त्या परदेशातल्या मूळ विद्यापीठाकडून येणाऱ्या अनुदानातून भागते. त्या अनुदानाला दोन अटी आहेत. यादीत बारा नावे हवीत, आणि बाराही जणींच्या परीक्षेतल्या गुणांची सरासरी ठरलेल्या रेषेच्या वर हवी. अट मोडली तर मुलींचे पैसे मुलांच्या संघाकडे वळतात. आमच्याकडे यंदा दहा मुली आहेत. मनापासून खेळणाऱ्या, गुडघे फुटलेल्या अशा दहा. त्यांतली एक राखीव गोलरक्षक रसायनशास्त्रात नापास झाली आहे आणि एकटीच सगळ्यांची सरासरी खाली ओढते आहे.

रविवारी आमच्या संचालकांनी मला बोलावले. ते हैदराबादचे आहेत, माणूस वाईट नाही. मला खुर्ची देतात, चहा मागवतात, माझ्या आईची चौकशी करतात.

"देखो मॅडम," ते म्हणाले, "दस लड़कियाँ हैं आपके पास. एक एवरेज डुबा रही है. उसको निकालो, तीन अच्छे नंबरवाली डालो. बारह हो गए. खलास."

"सर, वो तीन खेलेंगी?"

"खेलने को कौन बोल रहा है? बैठेंगी. बेंच पे बैठने में किसी का क्या जाता है?"

"और जिसको निकालेंगे?"

"अगले साल वापस ले लेंगे, इन्शाल्ला. अभी गेम तो बचाओ. नहीं तो यही पैसा लड़कों की बस में बैठके जाएगा, फिर मेरे सामने मत रोना."

मी रडत नाही, पण त्यांना तसे वाटते, कारण मी बोलताना खाली पाहते. चहा संपवून मी उठले. तीन नावे त्यांनीच सुचवली होती. त्यांतले पहिले नाव एका मराठी मुलीचे होते.

ही मुलगी ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत आईवडिलांजवळ राहते. जन्म नाशिकचा, पण शाळा सगळी येथली. मी तिच्याशी मराठीत बोलते, तिला सगळे समजते, आणि ती मला इंग्रजीत उत्तरे देते. वाचनालयाच्या खिडकीजवळची एक जागा तिची आहे. ती जागा दुसऱ्या कोणी घेतली तर ती परत जाते, उठा म्हणत नाही. मी तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हटले, "लॅक्रोसच्या संघात तुझं नाव घालायचं म्हणताहेत सर."

"मी? व्हाय मी?"

"तुझे मार्क चांगले आहेत म्हणून."

तिने पुस्तक मिटले, पण बोट पानातच ठेवले. कपाळाला घाम आल्यासारखे तिने बाहीने पुसले आणि विचारले, "बट आय डोन्ट हॅव टू प्ले, राइट, ताई?"

बाई, त्या क्षणी मी वाचनालयात उभी नसून तुमच्या स्वयंपाकघरात बसलेली असते.

रविवारची सकाळ आहे. तुम्ही मला घरी बोलावले आहे आणि मी आपले काय चुकले ते वाटभर आठवत आले आहे, कारण मैदानाबाहेर तुम्ही कधी कोणाला बोलावत नाही. तुमच्या गळ्यात शिट्टी नाही, त्यामुळे तुम्ही मला अनोळखी वाटता. तव्यावर थालीपीठ आहे, त्याला बोटाने पाडलेल्या भोकांत तुम्ही चमच्याने तेल सोडता आहात. ओट्यावर एकच कप, एकच वाटी. भिंतीला टेकून ठेवलेली तुमची सायकल स्वयंपाकघरातूनच दिसते.

"खा. लाजू नकोस. लोणी घे अजून."

मी खाते. तुम्ही पाठमोऱ्याच म्हणता, "राज्याच्या स्पर्धेच्या यादीत तुझं नाव टाकतेय."

मला वाटते की तुम्ही दुसऱ्या कोणाशी बोलता आहात. मग घास तोंडात तसाच ठेवून मी विचारते, "बाई, मला खेळावं लागेल का?"

"नाही गं. नऊ जणी खेळतात, तिघी राखीव. राखीव म्हणजे नुसतं बसायचं."

"पण मला खो-खो येत नाही."

"गणित येतं ना? मग झालं तर. राज्याला गेलीस की दहावीला खेळाचे गुण मिळतात. तुझ्या टक्क्यांवर ते पडले की तालुक्यात तुझ्यापुढे कोण उभं राहतं ते मी बघते." मग तुम्ही थालीपीठ उलटता, आणि आवाज बदलतो. "आपली शाळा अजून विनाअनुदानित आहे, माहीत आहे ना तुला? साहेब तपासणीला आले की विचारतात, तुमच्या शाळेनं काय दिवे लावले. काहीतरी दाखवायला नको का? मी किती वर्षं अर्ध्या पगारावर शिकवतेय, ते सांगू का त्यांना?"

मी मान हलवते. पंधराव्या वर्षी बाईंनी विचारल्यावर दुसरे काय हलवता येते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आज मात्र मला वाटते की तुम्ही विचारलेच नव्हते, सांगितले होते. आणि सांगताना माझ्याकडे पाठ केली होती.

ज्या मुलीचे नाव तुम्ही काढलेत ती माझ्याच बाकावर बसत असे. ती उत्तम खेळाडू होती असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही, आणि तुम्हीही तसे म्हणू दिले नसते. ती बारावी होती. नऊ जणींत तिचा क्रमांक लागत नव्हता, राखीव तिघींतही ती शेवटची. पण सातवीपासून एक दिवस न चुकवता ती वस्तीवरून पहाटे यायची, पाटीवर चुन्याच्या रेघा ओढायची, खांबाला मेण लावायची आणि कोणी दमले की आत उतरायची. गणितात ती कच्ची होती. सहामाहीनंतर मी तिला मधल्या सुट्टीत व्याजाची उदाहरणे शिकवत असे आणि ती डब्यातला ठेचा माझ्यापुढे सरकवत असे. तुम्ही तिला वगळलेत तेव्हा संघाचे काहीच बिघडले नाही. तुमच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा तोच होता, आणि मला सर्वांत जास्त राग आजही त्याचाच येतो. एखाद्या मुलीला असे उचलून बाजूला ठेवायचे की मैदानावर कोणाच्या लक्षातही येऊ नये.

तिला तुम्ही म्हणालात, "पुढच्या वर्षी बघू." दहावीतल्या मुलीला शाळेत पुढचे वर्ष नसते, बाई. हे तुम्हाला ठाऊक होते. तिलाही ठाऊक होते. तरी ती "हो बाई" म्हणाली आणि चुन्याची बादली उचलून ठेवायला गेली.

स्पर्धेला निघण्याच्या पहाटे ती एसटी स्टँडवर आली होती. सगळ्या जणी फलाटावर पिशव्या मोजत होत्या, तुम्ही कंडक्टरशी सवलतीच्या तिकिटांवरून वाद घालत होता. तिने मला खांबाआड ओढले आणि हातात स्वतःचे गुडघ्यांचे पट्टे दिले, रबर सैल झालेले, आतून काळे पडलेले.

"ठेव. खाली बसून गुडघे सोलतात."

"अगं, मला खेळायचं नाहीये."

"मग काय झालं? बसायचं तर हाय ना तुला."

तो टोमणा होता की माया, हे मला आजही ठरवता आलेले नाही. ती हसली होती एवढे खरे. गाडी सुटेपर्यंत ती थांबली नाही. तिला पहिल्या तासाला पोहोचायचे होते.

त्या स्पर्धेतला एकही सामना मला धड आठवत नाही. आठवते ते बाकडे आणि माझ्या अंगावरचा तो पिवळा टी-शर्ट, जो खांद्यांवर मोठा होत होता कारण तो तिच्या मापाने आणला होता. मी टी-शर्टच्या आत इतिहासाचे पुस्तक नेले होते. आपली धावती फळी बाद होत होती, मुली घसा फोडून ओरडत होत्या, आणि मी मान खाली घालून वाचत होते. तुम्ही मागून आलात, पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलेत आणि दात आवळून म्हणालात, "ते आत ठेव. निदान खेळाडूसारखी दिस तरी."

तुम्ही मला इतकी वर्षे शिकवलेत, पण मला लागलेले तुमचे बोलणे हे एकच. मी चूक केली म्हणून तुम्ही रागावला नव्हता. खोटे नीट वठवता येत नव्हते म्हणून रागावला होता. मी पुस्तक ठेवले, टाळ्या वाजवू लागले, आणि तुमची नजर असेपर्यंत वाजवत राहिले. आपण पहिल्याच फेरीत हरलो. गुणांना त्याचे काही नव्हते. राज्याला जाणे पुरेसे होते.

निकाल लागला तेव्हा मी तालुक्यात पहिली आले. तुम्ही मला शाईचे पेन दिलेत, शाळेने शाल दिली, साहेब स्वतः आले. ती गणितात काही थोड्या गुणांनी नापास झाली. खेळाचे गुण तिला असते तर ती सहज सुटली असती, हे मी त्याच दिवशी, व्यासपीठावर बसल्या बसल्या, मनात मांडून पाहिले होते. गणित येत होते ना मला. तिने पुन्हा फॉर्म भरला नाही. वस्तीवर गेले की ती घरी नसायची, नंतर तिच्या घरचे मला पाहून आत जाऊ लागले, मग मी जाणे सोडले. शाळेला अनुदान मिळाले, पण ते तुम्ही गेल्यावर. म्हणजे अर्धा पगार तुमच्याबरोबरच गेला. त्याचे मला वाईट वाटायला हवे. वाटतही असे कधी कधी, आणि मग मला ते बाकडे आठवते व वाटेनासे होते.

तर वाचनालयात ती मुलगी माझ्या उत्तराची वाट पाहत होती. "मला जरा वेळ दे," एवढेच मी तिला म्हणाले. तिने लगेच पुस्तक उघडले. जाताना मागून तिचा आवाज आला, "माय मॉम विल बी सो हॅपी, ताई." बिचारीने मास्टर्सच्या अर्जात ते कसे दिसेल याचा विचार तेवढ्यात करूनही टाकला होता.

काल दुपारी राखीव गोलरक्षक माझ्या टेबलापाशी आली. मूळची सुदानी, जन्म दोह्याचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच. अल अझीझियात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. खरेदीला भेटली तर माझ्या हातातली पिशवी काढून घेते आणि दारापर्यंत आणून देते. यादीत नाव असलेल्या मुलींना विद्यापीठ स्वतःच्या पैशांतून वर्षभर फीमध्ये सवलत देते. ती सवलत नसेल तर तिचे शिक्षण थांबते. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती. तरी तिने सुरुवात विनोदानेच केली.

"मिस, केमिस्ट्रीचे प्रोफेसर फार वरून मारतात. मला ते गोल अडवता येत नाहीत."

मला हसू आले नाही. तीही मग टेबलावरच्या स्टेपलरशी खेळत राहिली.

"माझं नाव आहे ना, मिस? नसलं तर आजच सांगा. बाबांना मीच सांगेन. दुसऱ्याकडून कळलं तर ते म्हणतील, घरी बस."

आणि मी तोंड उघडले, बाई, आणि बाहेर आले ते असे: "पुढच्या वर्षी..." नंतरचा शब्द मी गिळला. त्या दोन शब्दांत तुमचा आवाज होता, अगदी तसाच, समजूत घालणारा, घाईतला. मी तिला म्हणाले की उद्या सांगते. ती "शुक्रन, मिस" म्हणून गेली. आभार कशाबद्दल, ते मला विचारता आले नाही.

संध्याकाळी मी प्रशिक्षकबाईंना विचारले. वाटले होते, खेळाची आहे, माझ्या बाजूने बोलेल. तिने काठ्या मोजून पिशवीत भरल्या, मग म्हणाली, "तू दहाच नावं दिलीस तर माझा करार संपला. मी जाईन, ते ठीक. पण या नऊ जणींना कोण शिकवणार? तुझ्या प्रामाणिकपणाचं बिल त्या भरतील. ती एक वाचेल, बरोबर. मग या नऊ कोण आहेत?"

तुमच्या वेळी एक मुलगी गेली आणि संघ सुखरूप राहिला. मी तिला ठेवले तर बहुधा संघच जाईल. ही वजाबाकी मी रात्रभर मांडली असे लिहिणार होते, पण खरे तर मला झोप लागली. सकाळी उठून मी अंघोळ केली, डबा भरला, कचेरीत आले आणि दुपारपर्यंत दुसरीच कामे करत बसले. मग यादी उघडली, दहा नावे घातली, राखीव गोलरक्षकाचे नाव तिच्या गुणांसकट घातले आणि खाली एक वाक्य लिहिले की नियमित सराव करणाऱ्या खेळाडू एवढ्याच आहेत. वाचनालयातल्या मुलीला जाऊन सांगितले की तुझे नाव घातलेले नाही. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच डोळे भरून आले. दोन्ही खरे होते. गोलरक्षक मुलीला निरोप पाठवला की नाव आहे. तिने उलट एक हसरा चेहरा पाठवला, तिला अजून बाकीचे माहीत नाही.

संचालकांचा फोन आला तो थोड्याच वेळात. ते ओरडले नाहीत. "मॅडम," ते म्हणाले, "मैंने आपको सीधी-सादी समझा था. आपने लड़कियों का गेम खलास कर दिया, मालूम है ना?" मी म्हटले, "मालूम है, सर." मग त्यांनी फोन ठेवला. ते खोटे बोलत नव्हते. रविवारी मुली सरावाला येतील तेव्हा त्यांना कोणीतरी सांगायला हवे, आणि ते कोणीतरी मीच असेन, पाण्याच्या खोक्यावरून उठून, खाली न पाहता.

हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही. लोकांना वाटेल की मी न्याय केला, किंवा माझ्या बाकावरच्या मुलीचे देणे फेडले. तसे काहीच नाही. तिला त्यातून काय मिळाले? ती आता कोठे असते हेसुद्धा मला माहीत नाही. खरे कारण लहान आणि कोते आहे, आणि ते फक्त तुम्हालाच सांगण्यासारखे आहे. त्या तीन नावांखाली मी सही केली असती, तर त्या रविवारी तव्यापुढे पाठमोऱ्या उभ्या असताना तुमच्या चेहऱ्यावर काय होते, ते मला समजले असते. मग मला तुम्हाला माफ करावे लागले असते. ते मला करायचे नव्हते, बाई.

यादी पाठवली: गुरुवार, १८ सप्टेंबर, दुपारी ३ वाजून ५२ मिनिटे.